गवताखालचं मैदान: पाइनहर्स्टची भटकंती

गुरुवार

रॅलेच्या आसपासची माती लाल आणि चिकट. यू.एस. १ वरून दक्षिणेला निघालं आणि सॅनफर्ड मागे पडलं की रस्त्याच्या कडेला हळूहळू पांढुरकी वाळू दिसायला लागते. ओक-मेपलची गर्दी ओसरते आणि सरळसोट, एकमेकांपासून अंतर राखून उभे असलेले पाइन सुरू होतात. समुद्र इथून शंभरेक मैल लांब, तरी पाय रुतेल अशी वाळू. या पट्ट्याला सँडहिल्सच म्हणतात. नॉर्थ कॅरोलायनातलं पाइनहर्स्ट हे गाव याच वाळूवर वसलंय.

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. गोल्फ त्या मानाने उशिरा शिकले, तेही दादाच्या नादाने. तो गेली बरीच वर्षं रॅलेशेजारच्या कॅरीत राहतो. पाइनहर्स्टचं 'नंबर २' हे मैदान २०१०-११ मध्ये त्याच्या जुन्या रूपात परत आणलं, हे वाचल्यापासून मला ते पाहायचंच होतं. इमारत जुन्या रूपात आणणं मला कळतं. पण मैदान तर जिवंत वस्तू. ते रोज वाढतं, रोज कापलं जातं. त्याला मागे कसं नेतात? दादा हे मैदान २००६ साली खेळलेला, म्हणजे दुरुस्तीच्या आधीचं. वाटेत तो एकच सांगत होता, "अगं, तेव्हा नुसतं हिरवंगार होतं. एक काडी इकडची तिकडे नाही."

गावाची गोष्ट टफ्ट्स यांच्यापासून सुरू होते. बॉस्टनचे जेम्स वॉकर टफ्ट्स सोडा फाउंटनच्या धंद्यात श्रीमंत झाले आणि १८९५ मध्ये त्यांनी इथे पाच हजारांहून जास्त एकर जमीन घेतली, एकरी साधारण एक डॉलर भावाने. इतकी स्वस्त, कारण जमीन ओरबाडलेली होती. राळ आणि टर्पेंटाइनसाठी पाइनच्या खोडांना चिरे पाडून पाडून झाडं संपवली होती आणि उरली ती लाकडासाठी तोडली होती. त्या उजाड वाळूवर टफ्ट्सनी थंडीत येऊन राहण्याजोगं गाव वसवलं. आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या कचेरीचा, म्हणजे ज्यांनी न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घडवलं त्यांचा. म्हणूनच गावात सरळ रस्ता शोधून सापडत नाही, सगळे वळत वळत जातात. पाहुणे दुभत्या गाईंच्या कुरणात गोल्फचे चेंडू मारून गाईंना हैराण करायचे, तेव्हा टफ्ट्सनी मैदानच करून दिलं, असं सांगतात.

संध्याकाळी कॅरोलायना हॉटेलच्या व्हरांड्यात बसलो. एप्रिलची सुरुवात, पाइनचे पराग झडायचे दिवस. खुर्च्यांचे हात, मोटारींच्या काचा, पायऱ्या, सगळ्यावर पिवळी पूड. दादा शिंकून शिंकून बेजार झाला होता.

शुक्रवार

खेळण्याआधी कागद पाहायचे हा माझा आग्रह. दादाने कुरकुर केली, पण आला. गावातल्या ग्रंथालयाला लागून टफ्ट्स आर्काइव्हज आहे. डोनाल्ड रॉस यांची रेखाटनं, जुने फोटो, पत्रव्यवहार तिथे जपलेला आहे.

रॉस मूळचे स्कॉटलंडमधल्या डॉर्नोकचे, जन्म १८७२ चा. सुतारकाम शिकले, सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि मग गावी परतून मैदान सांभाळू लागले. १८९९ मध्ये ते अमेरिकेला आले आणि पुढच्याच वर्षी टफ्ट्सनी त्यांना पाइनहर्स्टला बोलावलं. पुढे त्यांच्या नावावर देशभरात चारेकशे मैदानं जमा झाली, पण नंबर २ चं प्रकरण वेगळं. ते १९०७ मध्ये अठरा होलांचं (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात जाईपर्यंतचा एक टप्पा) पूर्ण झालं आणि त्यानंतर १९४८ मध्ये रॉस यांचं निधन होईपर्यंत ते त्यात फेरफार करत राहिले. राहायलाही तिसऱ्या होलच्या ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत जागेला, लागून. रोज दारातून दिसणारं काम माणूस हातावेगळं कसं करणार?

रॉस यांची रेखाटनं पाहताना त्यांच्यातला सुतार लगेच दिसतो. बंकर म्हणजे वाळूचे खड्डे किती फूट खोल, उंचवटा कुठे, ग्रीनची मागची कड किती उचलायची, सगळं मोजून-मापून. शोभेची रेघ एकही नाही. मी एकेका कागदावर बराच वेळ घालवला आणि दादाने घड्याळ पाहणं सोडून दिलं.

पण मला तिथे खिळवलं ते ग्रीनच्या जुन्या फोटोंनी. ग्रीन म्हणायचं, पण हिरवं काहीच नाही. १९३५ पर्यंत नंबर २ ची ग्रीन्स वाळूची होती, वाळू आणि चिकणमाती यांचा सपाट केलेला थर. या हवेत टिकेल असं बारीक गवत तेव्हा जमत नव्हतं. १९३६ ची पीजीए चॅम्पियनशिप इथे व्हायची होती, म्हणून त्याआधी रॉस आणि त्यांचे बांधकाम सांभाळणारे फ्रँक मेपल्स यांनी ग्रीन्सवर गवत आणलं, आणि ते करताना त्यांचे चढउतार नव्याने घडवले.

म्हणजे 'मूळ' म्हणून १९०७ धरायचं तर वाळूची ग्रीन्स परत आणावी लागतील. तसं कोणीच खेळणार नाही आणि रॉसनाही ते नको झालेलं होतंच. माझ्या कामात हा पेच नेहमीचा. एखाद्या घराला दोनशे वर्षांत चार वेळा नवी अंगं फुटलेली असतात. त्यातलं कुठलं साल खरं मानायचं, हे आधी ठरवावं लागतं आणि ते कारणासकट मांडावं लागतं. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या मैदानं आखणाऱ्या जोडीने २०१०-११ च्या दुरुस्तीत इथे रॉस यांच्या अखेरच्या काळातलं मैदान प्रमाण धरलं, १९३५ नंतरचं. रॉस यांचं मन ज्यावर स्थिरावलं ते रूप. मला हा निर्णय पटतो. क्रेनशॉ दोन वेळा मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकलेले. कूर नॉर्थ कॅरोलायनातलेच, शिकत्या वयात याच मैदानावर खेळलेले, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर जुनं चित्र होतं. पण आठवणीवर भिस्त ठेवून काम करू नये, आणि त्यांनी तसं केलंही नाही.

त्यांच्या हाती दोन भक्कम पुरावे होते. एक म्हणजे १९४३ साली विमानातून घेतलेले फोटो. त्यातल्या एकाची प्रत माझ्या मोबाइलवर होती. दादाला दाखवली तर तो म्हणाला, "हे नंबर २? शक्यच नाही." फेअरवे, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचे कापलेल्या गवताचे पट्टे, रुंद, कडा नागमोडी, फाटक्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना पांढरी उघडी वाळू आणि मधूनमधून गवताचे ठिपके. दादाच्या डोक्यातल्या हिरव्या गालिच्याचा मागमूस नाही. दुसरा पुरावा जमिनीखालचा होता. तो उद्या.

शनिवार

सकाळी पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, कॅडी भेटले. केस पिकलेले, चालणं झपाझप. दुरुस्तीच्या आधीपासून ते इथे बॅगा वाहताहेत. आम्हा दोघांचे चार-चार फटके पाहून त्यांनी आमचा अंदाज घेतला आणि त्यानंतर प्रत्येक वेळी कुठला क्लब (काठी) घ्यायचा ते आमच्याआधी त्यांनाच ठाऊक असायचं.

पहिल्या होललाच माझा चेंडू उजवीकडे वाळूत गेला. मी विचारलं, "हा बंकर आहे का?" नियमाने बंकरमध्ये फटक्याआधी क्लब वाळूला टेकवता येत नाही. ते म्हणाले, "नाही, ही नुसती जमीन. खुशाल टेकवा." २०१४ च्या यू.एस. ओपन या मोठ्या स्पर्धेलाही हाच नियम लावला होता. ठरवून खणलेले बंकर तेवढे बंकर, बाकीची वाळू म्हणजे साधी जागा.

चेंडूपाशी गेले आणि खाली बसून पाहिलं. वायरग्रासचा एक झुपका. पात गोल गुंडाळलेलं, सुईइतकं बारीक, बोटांत धरलं तर ताठ. बुडाशी जुनी करडी पाती, त्यांतून वर येणारी नवी पोपटी. झुपक्यात वीतभर लांब पाइनच्या सुया अडकलेल्या, वाळूवर परागांचा पिवळा पापुद्रा आणि त्यावर माझ्या चेंडूने घसरत काढलेली स्वच्छ रेघ. चेंडू झुपक्याच्या चार बोटं अलीकडे थांबला होता, म्हणून मला फटका मिळाला. चार बोटं पुढे गेला असता तर आडवा मारून बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मैदानाचा सगळा खेळ त्या चार बोटांत आहे. इथे १९७० नंतर मालकी बदलली आणि काळाची आवडही बदलली. वाळूवर बर्म्युडा गवत लावलं गेलं, फेअरवे अरुंद झाले आणि त्यांना दाट रफच्या, म्हणजे मुद्दाम वाढू दिलेल्या गवताच्या, सरळ भिंती आल्या. १९९९ आणि २००५ च्या यू.एस. ओपन तशाच मैदानावर झाल्या. दाट रफमध्ये चेंडू गेला की बहुतेकांचं उत्तर एकच, वेज (चेंडू उंच उचलणारा क्लब) घ्या आणि कसाबसा बाहेर काढा. वाळूत मात्र प्रत्येक वेळी नवा प्रश्न असतो. कधी स्वच्छ वाळू, कधी पाइनच्या सुया, कधी झुपका. धाडस करावं की मुकाट्याने बाहेर यावं, हे तिथे उभं राहिल्यावरच ठरतं. आज मी वाळूत बऱ्याचदा गेले आणि एकदाही कंटाळले नाही.

कूर आणि क्रेनशॉ यांच्या कामात भर घालण्यापेक्षा काढून टाकणंच जास्त होतं. पस्तीस ते चाळीस एकरांवरचं गवत उचलून त्याखालची वाळू उघडी केली. रफ हा प्रकारच रद्द केला. आता गवताच्या दोनच उंची, ग्रीनची एक आणि उरलेल्या सगळ्याची एक. मग वाळूत हाताने वायरग्रास लावलं, दोन लाखांहून जास्त रोपं. मजुरीचा हिशोब मनात आला की छाती दडपते.

दुसरा पुरावा पुढच्या एका फेअरवेवर पाहायला मिळाला. कॅडींनी बुटाच्या टोकाने गवतातली एक गोल झाकणी दाखवली. स्प्रिंकलर, बरोबर फेअरवेच्या मधोमध. रॉस यांच्या काळात फेअरवेच्या मध्यावरून पाण्याचा एकच नळ टाकला होता. पुढे कडांना ओळीवर ओळी वाढल्या, पण तो मधला नळ जमिनीत तसाच राहिला. नळ कुठून जातो ते कळलं की जुन्या फेअरवेचा मध्य कळतो. त्यावरचा फवारा दोन्हीकडे किती लांब जायचा, ते मोजलं की रुंदी कळते, कारण पाणी पोहोचायचं तिथपर्यंतच गवत असायचं. हवाई फोटोतली नागमोडी कड आणि फवाऱ्यांचे एकमेकांना छेदणारे अर्धगोल जुळतात! कागद हरवला तरी पाइप खोटं बोलत नाही. हे ऐकताना मला किती आनंद झाला ते लिहून सांगता येणार नाही. जुन्या भिंतीत चुन्याखाली मूळ दाराची चौकट सापडावी, तसा क्षण त्या माणसांनाही आला असणार.

आधी या मैदानावर अकराशेच्या वर स्प्रिंकलर होते. आता साधारण साडेचारशे. पाण्याचा वापर त्यामानाने कितीतरी खाली आला. रंगही बदलला. आज फेअरवेच्या मध्यावर हिरवाई होती, कडेकडे जाताना ती पिवळसर, मग तपकिरी होत होत वाळूत मिसळत होती. गवत कुठे संपलं आणि वाळू कुठे सुरू झाली, ते बोट ठेवून सांगता येत नाही. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाळलेलं दिसतंय गं." मला ते सुंदर दिसत होतं. आमचं यावर एकमत झालं नाही.

तिसऱ्या ग्रीनजवळ रॉस यांचं घर आहे, डॉर्नोक कॉटेज. तिथून पुढे जाताना दोघेही उगाच हळू बोललो.

आता ग्रीन्सबद्दल. नंबर २ चं नाव होतं ते त्यांच्यामुळे. उपडी घातलेली परात, तसा आकार. मधला भाग उंच, कडा चारी बाजूंना उतरत्या. पाचव्या होलला मी आयुष्यातला सर्वात चांगला म्हणावा असा लांब फटका मारला. चेंडू ग्रीनवर टप्पा घेऊन थांबल्यासारखा वाटला, मग डावीकडे कलला, घरंगळला आणि थेट खाली उतरून तीस पावलांवर जाऊन बसला. तिथून पटरने जमिनीवरून घरंगळवत चढवायचा (म्हणजे पट), वेजने उचलायचा (म्हणजे चिप) की लाकडी क्लबने ढकलायचा? तीनही पर्याय खुले, कारण कडेचं गवतही तितकंच आखूड कापलेलं. कॅडी म्हणाले, "पटर घ्या. वाईटात वाईट पटसुद्धा वाईट चिपपेक्षा बरा." घेतला. चेंडू अर्ध्यावरून परत पायाशी आला. पुन्हा घेतला.

याच ग्रीन्सवरून दादाने वाद काढला. तो स्ट्रक्चरल इंजिनियर, त्याला आकडे लागतात. अनेक जाणकारांचं म्हणणं असं की रॉस यांनी ग्रीन्स इतकी फुगीर केलीच नव्हती. दशकानुदशकं पृष्ठभागावर वाळू पसरत गेले, थरावर थर चढले आणि मध्य उंचावला. कूर आणि क्रेनशॉ यांनी मात्र ग्रीन्सना जवळजवळ हात लावला नाही, फक्त पंधराव्या आणि सतराव्या होलला थोडा बदल केला. "मग हे रॉसचं मैदान कसं?" दादा म्हणाला. "बाजू १९४३ च्या आणि मध्य आजचा. काम अर्धवट सोडलंय."

प्रश्न रास्त आहे. मी तेरावा होल संपेपर्यंत त्याला उत्तर देत होते. माझ्या मते दोन बदलांत फरक करायला हवा. कडेचं गवत आणि अरुंद फेअरवे हे वरून लादलेले होते. कोणीतरी ठरवून, फॅशन म्हणून आणलेले. ग्रीनचा फुगवटा रोजच्या निगेतून आपोआप वाढलेला. त्यावर कित्येक पिढ्या खेळल्या, मोठमोठ्या स्पर्धांचे निकाल लागले. दगडी पायरी झिजून खोलगट होते तेव्हा आम्ही ती पायरी बदलत नाही. दादाला हे अजिबात पटलं नाही. पायरी झिजते तेव्हा कमी होते, इथे तर भर पडलीये, असं त्याचं म्हणणं. यावर मला चोख उत्तर सुचलं नाही, तरी मत माझं तेच आहे.

सोळाव्या टीपुढे एक तळं आहे, मैदानावरचं एकमेव पाणी. ते ओलांडून आलो. अठराव्या ग्रीनमागे पेन स्ट्युअर्ट यांचा पुतळा आहे, एक पाय हवेत, मूठ पुढे. १९९९ मध्ये त्यांनी इथे शेवटच्या ग्रीनवर पंधरा फुटांचा पट घालून यू.एस. ओपन जिंकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमान अपघातात ते गेले. दादा पुतळ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. त्याने तो पट टीव्हीवर पाहिला होता.

दुरुस्तीनंतरची कसोटी २०१४ मध्ये लागली. पुरुषांची आणि स्त्रियांची यू.एस. ओपन पहिल्यांदाच लागोपाठच्या आठवड्यांत एकाच मैदानावर झाली. मार्टिन कायमर आठ फटक्यांच्या फरकाने जिंकले, पुढच्या आठवड्यात मिशेल वी. २०२४ मध्ये ब्रायसन डीशँबो इथेच जिंकले, शेवटच्या होलला लांबच्या बंकरमधून चेंडू काढून. रफ नसलं तर मैदान सोपं पडेल, ही भीती होती. पण मैदान अवघड राखायला कमी पाण्यावर कडक झालेली जमीन आणि ती ग्रीन्स पुरेशी आहेत.

रविवार

सकाळी सदर्न पाइन्सला वेमाउथ वुड्समध्ये गेलो. मैदानाला ज्या रानाचं रूप परत द्यायचा प्रयत्न झाला, ते रान इथे जपलंय. लाँगलीफ पाइन, खाली वायरग्रास, त्याखाली वाळू. १५४८ मध्ये रुजलेलं एक पाइन या राखीव रानात अजून उभं आहे. जुन्या झाडांच्या बुंध्यांवर टर्पेंटाइनसाठी पाडलेल्या तिरप्या चिऱ्यांचे व्रण दिसतात. एका बुंध्यावर मी बोट फिरवलं. एकाखाली एक, बाणाच्या टोकासारख्या खाचा, राळेने कडक झालेल्या.

काही भाग नुकताच जाळलेला होता, मुद्दाम. या रानाला आग लागते, म्हणजे खरोखर हवी असते. आगीशिवाय ओकची झुडपं माजतात आणि वायरग्रासला धड बी धरत नाही. लाँगलीफचं रोप पहिली काही वर्षं गवताच्या झुपक्यासारखंच जमिनीलगत राहतं आणि शेंडा लांब सुयांत झाकून आगीतून निभावतं. लाल कलगीची बारीक रेघ मिरवणारा इथला सुतारपक्षी जिवंत जुन्या पाइनमध्येच ढोली करतो आणि भोवती राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप चढत नाही. पक्षी दिसला नाही. राळेने माखलेलं, मेणबत्तीसारखं पांढरं झालेलं एक खोड मात्र दिसलं.

मैदानावर अशी आग मोकळेपणी लावता येत नाही. म्हणून ते काम माणसांनी करायचं. वाळूत उगवलेलं कुठलं रोप ठेवायचं आणि कुठलं उपटायचं, हे तिथल्या कामगारांना नव्याने शिकावं लागलं. आयुष्यभर सगळं एकसारखं कापण्याची सवय असलेल्या माणसाला तण ओळखून त्यातलं काही राखायला सांगणं सोपं नाही. संवर्धनाचा खरा खर्च इथे असतो, उद्घाटनानंतरच्या वर्षांमध्ये. काल मैदानावर एक मुलगी गुडघ्यावर बसून झुपक्यांमधून काहीतरी वेचून काढताना दिसली होती, तिचं काम आज कळलं.

दुपारी जवळच्या मिड पाइन्सला गेलो. हेही रॉस यांचंच, १९२१ चं. नंबर २ च्या कामावर असलेल्या काइल फ्रान्झ यांनी २०१३ मध्ये ते याच पद्धतीने मोकळं केलं. आकाराने आटोपशीर, स्पर्धांचा दबाव नाही, ग्रीन्स नंबर २ इतकी निर्दय नाहीत. मला तर इथे जास्त मोकळं वाटलं. वाळू, झुपके, सुया, सगळं तेच, पण त्याचं दडपण येत नाही. दादासुद्धा खुलला. बाराव्या होलवर तो वाळूतून वाट काढत ग्रीनवर पोहोचला आणि म्हणाला, "हे जमलंय बघ."

"आणि कालचं?" मी विचारलं.

"कालचंही जमलंय. ग्रीन्स सोडून."

जाणार असाल तर नंबर २ साठी रिसॉर्टमध्ये मुक्काम धरून वेळ आधी राखून ठेवा, कॅडी घ्या आणि खेळण्याआधी आर्काइव्हमध्ये निदान दोन तास काढा. वेमाउथ वुड्सला तिकीट नाही. परागांचा त्रास असेल तर एप्रिल टाळा. दादा परतीच्या वाटेवर सॅनफर्डपर्यंत शिंकत होता आणि २०२९ च्या दोन्ही यू.एस. ओपन इथे आहेत, त्यांची तिकिटं कधी निघतील याची चौकशी करत होता.